बर्फाच्या गावी जाण्याची तयारी

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला सांगितले की, "तुम्ही स्वित्झर्लंडला जाऊन आलात, तर त्यावर चार शब्द बोला," तेव्हा माझे हातपाय तिथल्या बर्फापेक्षाही गार पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा सराव नाही. पण त्या पुढे म्हणाल्या, "प्रवासवर्णन नको. बर्फ पांढरा होता नि डोंगर उंच होते हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तयारी कशी केलीत ते सांगा." मग मला जरा धीर आला. तयारी हा आपला प्रांत. लग्नाची असो, बारशाची असो की बर्फाची असो, याद्या करणारी बाई तीच!

आम्ही २०२५ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. हे, मी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि चौदा वर्षांची धाकटी. माझ्या भावाची मुलगी झुरिकला नोकरीला आहे. तिने दोन वर्षे धोशा लावला होता, "आत्या, एकदा हिवाळ्यात या. आठ दिवस डोंगरातल्या गावात राहू, स्कीइंग शिकू." पैसे कोठून आणायचे हा प्रश्न होता. माझी तीन वर्षांची भिशी होती आणि यांच्या विम्याची मुदत संपून थोडी रक्कम आली होती. सासूबाईंचे म्हणणे पडले, "पाय मोडायला एवढ्या लांब कशाला जायचे? आपल्या मोरीत नाही का घसरता येत?" सगळे हसले. मीही हसले. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

पहिला प्रश्न, गाव कोणते निवडायचे? आल्प्स पर्वत फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया अशा कितीतरी देशांत पसरला आहे. काही गावे केवळ स्कीइंगसाठी अलीकडे बांधलेली, म्हणजे उंचावर मोठमोठ्या इमारती आणि दारातून थेट उतार. तिथे बर्फाची खात्री अधिक, पण ते गाव नव्हे, नुसती वसाहत. दुसरी जुनी गावे, जिथे लोक पिढ्यान् पिढ्या गाईगुरे पाळून राहिले आणि पाहुणे मागाहून आले. मी भाचीला म्हटले, "चौघांतले दोघेच बर्फावर घसरणार. उरलेल्या दोघांनी दिवसभर काय करायचे? मला गाव हवे. दुकान, देऊळ, माणसांची जाग असलेले."

तेव्हा आम्ही बर्नच्या डोंगराळ मुलुखातले वेंगेन हे गाव ठरवले. समुद्रसपाटीपासून १,२७४ मीटर उंच. खाली लाउटरब्रुनेनचे खोरे, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. या गावाला मोटारीचा रस्ताच नाही. मोटार खाली खोऱ्यात ठेवायची आणि दातेरी रुळांच्या आगगाडीने वर जायचे. ही गाडी १८९३ सालची आहे. झुरिकच्या विमानतळावरून बर्न, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन असे गाड्या बदलत सुमारे तीन-सव्वातीन तासांत आपण वर पोचतो. हीच गाडी पुढे क्लाइने शाइडेग या २,०६१ मीटरवरच्या खिंडीत जाते. म्हणजे ज्याला स्कीइंग येत नाही तोही तिकीट काढून त्याच बर्फात जाऊन बसतो आणि संध्याकाळी सारे एकत्र घरी येतात. शिवाय नवशिक्यांसाठी सोपा उतार गावाच्या मधोमध आहे. आई बाकावर बसून लेकरू पडलेले पाहू शकते! माझ्या निवडीची ही खरी कारणे.

त्या मुलुखाची एक हकिकत आपल्या मंडळात सांगण्याजोगी आहे. खोऱ्याच्या पलीकडच्या कड्यावर म्यूरेन नावाचे गाव आहे. आर्नल्ड लन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी तिथे १९२२ साली झेंड्यांमधून वळणे घेत उतरण्याची आजच्या पद्धतीची शर्यत भरवली. पुढे १९३१ साली उतारावरच्या स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा त्याच गावी झाली आणि तीत बायकांनीही भाग घेतला. ब्रिटनच्या एस्मे मॅकिनन हिने बायकांच्या दोन्ही मुख्य शर्यती जिंकल्या. पण बायका ज्या देशात अशा कड्यांवरून उतरत होत्या, त्या देशाने आपल्या बायकांना राष्ट्रीय मताचा हक्क दिला तो १९७१ साली! आपल्या आया-आज्यांनी तर १९५१-५२ च्या निवडणुकीत मत टाकले होते. हे मी आमच्या घरमालकीणबाईंना भाचीकरवी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आईने पहिले मत दिले तेव्हा तिला नातवंडे होती."

आता वेळ कोणती निवडावी? हंगाम डिसेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. नाताळात आणि फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा भाडी चढतात. जानेवारीच्या मध्यास वेंगेनला लाउबरहॉर्नची मोठी शर्यत असते. १९३० पासून ती चालत आली आहे आणि तिचा उतार साडेचार किलोमीटरांच्या आसपास लांब. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. ती उरकली की गर्दी ओसरते, बर्फ मात्र तसाच असतो. हल्ली हवामान तापू लागल्यामुळे सखल गावांत बर्फ कमी पडतो आणि यंत्राने करून घालावा लागतो. म्हणून गाव निवडताना गावाची उंची पाहून भागत नाही, उतार किती उंचावर आहेत तेही पाहावे. वेंगेनचे उतार दोन हजार मीटरांच्या वरपर्यंत जातात.

राहायला हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेले घर घेतले. अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. भाड्याशिवाय शेवटची साफसफाई आणि पाहुण्यांवरचा गावचा कर वेगळा द्यावा लागतो. तो आधीच विचारून घ्यावा, नाहीतर हिशेब चुकतो. आमचे घर जुने, लाकडी, उन्हाने काळे-तांबूस पडलेले. दर्शनी तुळईवर अक्षरे कोरलेली होती. भाचीने वाचून दाखवले, की घर बांधणाऱ्याचे नाव आणि शेजारी त्याच्या बायकोचेही नाव! मला फार बरे वाटले. आपल्याकडे दारावरच्या पाटीवर हे नेहमी दिसत नाही.

खाण्याचे सांगते, कारण त्याविना तुम्ही मला सोडणार नाही. दूध, तूप, पेढे, मांस असले पदार्थ आपल्याकडून त्या देशात नेण्यास बंदी आहे. ताजी भाजी, फळे, कढीपत्ताही नेता येत नाही. मी डाळी, पोहे, कोरडी चटणी, मेतकूट, गोडा मसाला आणि तिळगूळ नेला. दूध, लोणी, बटाटे, कोबी, गाजर तिथे गावातल्या दुकानात मिळते. लोणी कढवून मी तूप तिथेच केले. बाहेर खाताना शाकाहारी माणसाने विचारून खावे. वितळलेल्या चीजचे फॉन्ड्यू वाइन घालून करतात. बटाट्याच्या किसाचा रोश्टी आपल्या थालीपिठाच्या जातीचा आणि फार चांगला लागतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. आणखी एक गंमत. उंचावर पाणी लवकर उकळते खरे, पण कमी उष्णतेवर. वेंगेनला ९६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मी सपाट बुडाचा कुकर नेला होता. तिथे रात्री दहानंतर शांतता पाळतात, म्हणून शिट्ट्या तेवढ्या आधी करून घ्यायच्या!

कपड्यांत मुख्य सूत्र एकच, अंगाला सुती लागू नये. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग थंडी हाडांत शिरते. आत पातळ लोकरी किंवा तत्सम, मधे उबदार, वर पाणी व वारा अडवणारे. बुटात मोजा एकच आणि पातळ. दोन घातले तर रक्त कोंडून पाय उलट अधिक गार पडतात. बर्फावरून ऊन परत उसळते, म्हणून काळा चष्मा आणि चेहऱ्याला उन्हाचे मलम हवेच. आणि गावात चालण्यासाठी पकड असलेले बूट. मी एकदाच घसरले, ती दुकानाच्या पायरीवर, हातात अंडी असताना.

पैशांचे थोडक्यात सांगते. आम्ही गेलो तेव्हा एक फ्रँक शंभर रुपयांच्या जरा आत होता. मोठ्या माणसाचा एका दिवसाचा उतारांचा पास सत्तर फ्रँकांच्या वर जातो. स्की, बूट, काठ्या, शिरस्त्राण यांचे भाडे वेगळे आणि शिक्षकाचे वेगळे. म्हणून मी भिशीच्या वहीत चार रकाने केले: जाणे-येणे, राहणे-खाणे, बर्फावरचा खर्च आणि अडीअडचण. चौथ्या रकान्याला हात लावायचा नाही असा यांना दम दिला. आगगाडीसाठी परदेशी पाहुण्यांना अर्ध्या तिकिटाचे कार्ड मिळते आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना आईबापांबरोबर सवलत असते. ती मागितली तरच पदरात पडते.

व्हिसासाठी प्रत्येकाने जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. विमा विकणारा म्हणाला, "बाई, व्हिसाला हा पुरतो." मी तो कागद घरी आणला आणि वाण्याचे बिल वाचावे तसा ओळन् ओळ वाचला. इंग्रजी फारसे येत नाही, म्हणून धाकटीला शब्द विचारीत गेले. नवव्या पानावर बारीक अक्षरात होते, की हिवाळी खेळांत झालेली इजा यात धरलेली नाही. म्हणजे ज्या कामासाठी चाललो त्याचाच विमा नाही! मी परत गेले, जादा पैसे भरले आणि स्कीइंग व डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च असे दोन्ही लिहून घेतले. हे म्हणाले, "तू फार शंका काढतेस." काढते खरी.

भगिनींनो, इथपर्यंत मी माझ्या शहाणपणाचे सांगितले. आता चूक सांगते. चिटणीसबाईंना मी म्हटले होते, की बोलेन तर हेही बोलेन.

पहिल्या दिवशी आम्ही स्की भाड्याने घ्यायला गेलो. बूट फळीला धरून ठेवणारा जो खटका असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस जोराने पडला की तो आपोआप सुटावा आणि फळी पायापासून अलग व्हावी, अशी त्याची रचना असते. तो किती जोराला सुटावा हे माणसाचे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि त्याला स्कीइंग कितपत येते यावरून ठरवतात. म्हणून दुकानदार कागदावर हे सारे विचारतो. वजन विचारल्यावर भाची लाजून दोन किलो कमी सांगू लागली, तेव्हा मीच तिला हटकले. "इथे लाजू नकोस, खरे सांग." मग मुलाची पाळी आली. दुकानदाराने विचारले, सावकाश जाणारा, मध्यम की वेगाने जाणारा? हा कॉलेजच्या सहलीत मनालीला एक दिवस बर्फावर गेला होता, एवढीच त्याची पुंजी. पण मामेबहिणीसमोर आणि रांगेतल्या गोऱ्या मुलांसमोर त्याने छाती काढून सांगितले, वेगाने जाणारा! तेवढे इंग्रजी मला कळले. मी तिथेच उभी होते. दोन किलोंसाठी भाचीला हटकणारी मी, मुलाला चारचौघांत कमीपणा नको म्हणून गप्प बसले.

दोन दिवस शिक्षकाच्या हाताखाली गेले. धाकटी शिकली, पडली, उठली. मुलगाही बरा उतरू लागला. तिसऱ्या दिवशी शिक्षक नको असे त्यानेच ठरवले. तिथे उतारांना रंग असतात. निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण. दुपारी उशिरा, पाय थकलेले असताना, "आता शेवटची एकच फेरी" म्हणून तो तांबड्या उतारावर गेला. वळताना पडला. फळी सुटली नाही. तिच्याबरोबर गुडघा पिळला गेला.

भाची बरोबर होती म्हणून निभावले. तिने आपल्या फळ्या त्याच्या वरच्या अंगाला बर्फात फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना अपघात झाल्याचे कळते. मग तिने उतारावरच्या मदतनिसांना बोलावले. त्यांनी त्याला घसरगाडीवर बांधून खाली आणले. मी गाडीच्या फलाटावर उभी होते. लांबून ती गाडी येताना दिसली आणि तिच्यावर माझे मूल झाकलेले. त्या दोन मिनिटांत मला सासूबाईंचे वाक्य आठवले. हसू आले नाही.

गावच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होते, गुडघ्यातला बंध दुखावला होता. पट्टा आणि कुबड्या मिळाल्या. मी डॉक्टरांना भाचीकरवी विचारले, "खटका बरोबर लावला असता तर वाचला असता का?" त्यांनी खरे ते सांगितले, की तो खटका नडगीचे हाड पुष्कळ वाचवतो, गुडघ्याची मात्र खात्री देता येत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरवले. उरलेले अर्धे माझ्याकडेच आहे आणि ते तिथेच असू दे.

रात्री मुलगा म्हणाला, "आई, मी दुकानात खोटे सांगितले होते." मी म्हटले, "मला ठाऊक आहे. मी ऐकले होते." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तू बोलली का नाहीस?" या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. भगिनींनो, मुलगी असती तर मी बोलले असते. भाचीला बोललेच होते ना? मुलाची लाज राखायची आणि मुलीला खरे बोलायला लावायचे, ही आपल्या घराघरातली सवय मी विमानातून थेट आल्प्सपर्यंत नेली होती. सामानात तिचे वजन भरले नाही एवढेच.

उरलेले दिवस हे आणि मुलगा खिडकीपाशी पत्ते खेळत बसले. धाकटी आणि मी गावच्या वाटांवरून हिंडलो, छोट्या घसरगाडीवर बसलो. होय, मीसुद्धा! युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटरवरचे स्टेशन आम्ही सोडून दिले. तिथे जाणारी आगगाडी डोंगर पोखरून १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षे बांधली गेली. पण यांना रक्तदाब आहे. निघण्यापूर्वी इथल्या डॉक्टरांनी एवढ्या उंचीला नको म्हटले होते, तेव्हा हट्ट केला नाही. निघताना घरमालकीणबाईंना तिळगूळ दिला. रथसप्तमी व्हायची होती, तेव्हा तो शास्त्रालाही धरून झाला. त्या बाई रोज पहाटे फावड्याने आमच्या दारातला बर्फ दूर करीत. मुलाचा पाय दुखावल्यावर त्यांनी पायरीवर वाळूही पसरून ठेवली, न सांगता.

डॉक्टरांचा आणि खाली आणण्याचा खर्च आधी आम्ही भरला, तो चौथ्या रकान्यातून. सगळ्या पावत्या जपून आणल्या होत्या, त्यामुळे दीड महिन्याने विम्याचे पैसे परत मिळाले. हे तेव्हा म्हणाले, "तुझ्या शंकेने वाचवले." घरी आलो त्या दिवशी सासूबाई काय म्हणतील या धास्तीने मी दारातच थबकले. त्या काही म्हणाल्या नाहीत. आतून आपला बसायचा पाट आणून त्यांनी नातवाच्या पायाखाली ठेवला. आता तो नीट चालतो. पुन्हा जायचे म्हणतो आणि या वेळी 'सावकाश' असे लिहीन म्हणतो.

तर कोणी जाणार असाल तर माझी एवढीच शिदोरी घ्या. गाव असे निवडा की न घसरणाऱ्यालाही दिवस गोड जाईल. विम्याचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. निदान पहिले तीन दिवस शिक्षक सोडू नका. उतारावर खालच्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने सांभाळायचे, हा तिथला नियम मुलांकडून पाठ करून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि विमानाने सोडवणाऱ्यांसाठी १४१४ हे तिथले आकडे खिशात ठेवा. थकल्यावर 'शेवटची एक फेरी' करू नका. आणि दुकानात विचारतील तेव्हा खरे सांगा. आपल्या मुलाने खोटे सांगितले तर तिथल्या तिथे बोला. लाज क्षणाची असते, गुडघा जन्माचा.

  वही बरोबर आणली आहे, रकाने ज्यांना उतरून घ्यायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी घ्यावेत.